माईक म्यूट, मत चालू: ऑनलाइन इंग्रजीबद्दल विद्यार्थी जे सांगतात, त्याचा अर्थ काय?

विद्यापीठात इंग्रजी ऑनलाइन शिकवावं की वर्गात, हा वाद निघाला की कुणीतरी एक पाहणी पुढे करतं. अमुक टक्के विद्यार्थी समाधानी, तमुक टक्के नाराज. मग दुसरी पाहणी येते आणि आकडे उलटे निघतात. पण खरा गोंधळ एकाच विद्यार्थ्याच्या उत्तरांत असतो. ‘ऑनलाइन वर्ग सोयीचा वाटला का?’ हो. ‘शिकवलेलं समजलं का?’ हो. ‘इंग्रजीत बोलण्याचा आत्मविश्वास वाढला का?’ नाही. ‘पुढच्या सत्रातही ऑनलाइनच हवं का?’ इथे तो ‘सांगता येत नाही’वर खूण करतो.

त्याचं काही चुकलेलं नाही. चारही उत्तरं खरी असू शकतात, कारण चारही प्रश्न वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. सोय, समज आणि जिभेवर येणारी भाषा या तिन्हींचं आपसात फारसं देणंघेणं नसतं. घोटाळा होतो तो या तिघांना एका टक्केवारीत कोंबल्यावर.

आधी ‘ऑनलाइन’ म्हणजे कुठलं ऑनलाइन?

एकाच नावाखाली तीन प्रकार खपतात. पहिला थेट वर्ग: ठरलेल्या वेळी सगळे व्हिडिओ कॉलवर येतात, शिक्षक समोर असतात. दुसरा रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चाचण्या, ज्याने त्याने सवडीने करायचं. तिसरा ॲप किंवा चॅटबॉट: शिक्षक नाही, वर्गमित्रही नाहीत, समोर फक्त यंत्र. ‘ऑनलाइन कंटाळवाणं’ म्हणणारा बहुधा पहिल्याबद्दल बोलत असतो आणि ‘ऑनलाइन फार उपयोगी’ म्हणणारा दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल. प्रश्नावलीत तिन्ही वेगळे विचारले नसतील, तर उत्तरांची बेरीज करून काही हाती लागत नाही.

त्यात एक चौथा प्रकारही मिसळला आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे जगभर शाळा-विद्यापीठं बंद झाली. युनेस्कोच्या मोजणीनुसार त्या वेळी जवळजवळ १६० कोटी विद्यार्थ्यांचं शिक्षण थांबलं किंवा रुळावरून घसरलं. मग हाती येईल त्या साधनाने शिकवणं सुरू झालं. शिक्षणतज्ज्ञांच्या एका गटाने त्याच वर्षी याला ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ असं वेगळं नाव दिलं, कारण विचारपूर्वक आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम आणि ही धावपळ एक नव्हे. ऑनलाइन इंग्रजीबद्दल विद्यार्थ्यांच्या मतांचे बरेच अभ्यास याच काळातले आहेत. पुरातून होडीने बाहेर काढलेल्या माणसाला ‘जलप्रवास कसा वाटला?’ असं विचारण्यातला हा प्रकार. म्हणून आकडा पाहण्याआधी पाहणीचं वर्ष पाहावं.

प्रश्नावली नक्की काय मोजते?

‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच घरं, त्यातल्या एकावर खूण. या मोजपट्टीला तिच्या कर्त्याच्या, रेन्सिस लिकर्टच्या नावाने लिकर्ट मोजपट्टी म्हणतात. त्याने ती १९३२ मध्ये मांडली. चांगलं साधन आहे, पण सरासरी काढली की फसवतं. वीस जणांच्या वर्गात दहा जणांनी ५ आणि दहा जणांनी १ दिला, तर सरासरी ३ येते, म्हणजे ‘तटस्थ’. वर्गात तटस्थ एकही नाही. निम्मे खूश आहेत, निम्मे वैतागले आहेत. भाषेच्या वर्गात असं बऱ्याचदा होतं, आणि का होतं ते पुढे येईल.

दुसरी मेख उत्तरं कुणी दिली यात आहे. ऑनलाइन शिक्षणाबद्दलची प्रश्नावलीही ऑनलाइनच पाठवली जाते. ज्याचं इंटरनेट तुटतं, फोन घरात तिघांत मिळून आहे, तो ती भरण्याची शक्यता सर्वात कमी. शिवाय प्रश्नावली सत्राच्या शेवटी येते, तोवर गळणारे गळलेले असतात. ही गळती मामुली नसते. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे ३.१३ टक्के होते. विद्यापीठातल्या सक्तीच्या विषयात इतकी पडझड होत नाही, हे मान्य. पण शेवटपर्यंत टिकलेल्यांचंच मत ‘विद्यार्थ्यांचं मत’ म्हणून छापलं जातं, हे दोन्हीकडे सारखं.

तिसरी मेख सर्वात खोल आहे. ‘मला समजलं’ असं वाटणं आणि खरंच शिकणं यांत अंतर असतं, आणि कधीकधी ते उलट्या दिशेनेही असतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या गटाने तोच भाग गटात बसून, अडखळत, प्रश्न सोडवत केला. ‘जास्त शिकलो’ असं व्याख्यानवाल्यांना वाटलं. चाचणीत गुण जास्त मिळाले ते अडखळणाऱ्यांना. डोक्याला ताण पडला की माणसाला आपण मागे पडल्यासारखं वाटतं आणि गुळगुळीत व्याख्यानाने समजल्याचा भास होतो.

इंग्रजीच्या ऑनलाइन वर्गाला हे जसंच्या तसं लागू पडतं. छान स्लाइड, स्पष्ट आवाज, शिक्षकांची ओघवती भाषा. तासभर ऐकून बाहेर पडताना वाटतं, आज बरंच झालं. त्या तासात विद्यार्थ्याने स्वतः किती वाक्यं उच्चारली, हे प्रश्नावली विचारतच नाही.

ऐकून कान तयार होतो, गळा नाही

इतिहास किंवा अर्थशास्त्र ऑनलाइन शिकताना मुख्य काम समजून घेण्याचं असतं. भाषा हा त्या अर्थाने विषयच नव्हे. तिची जात गाण्याची आहे. रोज उत्तम गायन ऐकून कान तयार होतो, सूर चुकला की कळतं. पण रियाज केल्याशिवाय गळ्यातून सूर निघत नाही.

भाषाशास्त्रात हा वाद जुना आहे. स्टीफन क्रॅशन यांनी भर दिला तो समजेल अशी भाषा भरपूर कानावर आणि डोळ्यांखालून जाण्यावर. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली. कॅनडात वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, तरी बोलण्या-लिहिण्यातल्या चुका हटत नव्हत्या. ऐकताना अर्थ लागला की काम भागतं. बोलताना मात्र क्रियापदाचं रूप आपल्यालाच निवडावं लागतं, आणि आपल्याला काय येत नाही ते तिथेच उघडं पडतं.

आता साधा हिशेब करू. ६० मिनिटांचा तास, ४० विद्यार्थी. हजेरी आणि ‘आवाज येतोय का?’ यात ५ मिनिटं गेली, शिक्षक ३० मिनिटं बोलले. उरलेली २५ मिनिटं चाळिसांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसदतीस सेकंद येतात. तेही कुणी वाया घालवले नाहीत तर.

प्रत्यक्ष वर्गातही हिशेब हाच नाही का? बराचसा हाच. पण एक फरक आहे. खोलीत शिक्षक ‘शेजाऱ्याशी बोला’ म्हणाले की वीस जोड्या एकाच वेळी बोलू लागतात. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकच आवाज नीट चालतो. दोघं बोलले की दोघांचंही कळत नाही. म्हणून जोड्या करायच्या तर वर्ग वेगळ्या छोट्या खोल्यांत, म्हणजे ब्रेकआउट रूममध्ये, मुद्दाम पाडावा लागतो. त्या २५ मिनिटांतली २० अशी दिली की जोडीतल्या प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं बोलायला मिळतात. ३७ सेकंद कुठे आणि १० मिनिटं कुठे! शिक्षक तेच, इंटरनेट तेच. फरक पडला तो मांडणीमुळे.

आणखी एक हिशेब, विद्यार्थ्यांच्या नाराजीला न्याय देण्यासाठी. युरोपात २००१ पासून भाषेच्या पातळ्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा ढोबळ अंदाज असा, की ए२ गाठायला शिक्षकांच्या मार्गदर्शनाखालचे एकूण १८० ते २०० तास लागतात आणि बी१ गाठायला एकूण ३५० ते ४००. म्हणजे एक पायरी चढायला दीड-दोनशे तास. आठवड्याला तीन तास, पंधरा आठवड्यांचं सत्र: झाले ४५. चौथा हिस्सा पायरी, फार तर तिसरा. ‘सत्र संपलं तरी इंग्रजी सुधारलं नाही’ ही तक्रार खरी आहे, फक्त तिचा दोष ऑनलाइनवर टाकता येत नाही. तेवढ्या तासांत खोलीत बसूनही डोंगर हलला नसता.

माईक चालू करायला एवढं जड का जातं?

‘विद्यार्थी बोलतच नाहीत’ ही शिक्षकांची तक्रार. ‘बोलायला मिळतच नाही’ ही विद्यार्थ्यांची. दोघंही खरं बोलतात, आणि मधला चोर आहे विलंब.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ०.२ सेकंद जातात. दहा भाषांवर केलेल्या अभ्यासात २००९ मध्ये हे दिसलं. भाषा बदलली तरी अंतर साधारण तेवढंच. पापणी लवते न लवते तोच पुढचा बोलू लागतो. आता व्हिडिओ कॉल घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला ०.१५ सेकंदापर्यंत लागले तर बहुतेकांना जाणवत नाही आणि ०.४ च्या पुढे गेलं तर संभाषण बिघडतं. समजा तुमच्याकडे ०.३ लागतात. शिक्षकांचा प्रश्न तुम्हाला ०.३ ने उशिरा ऐकू आला, तुमचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचायला आणखी ०.३. तुम्ही तत्क्षणी, म्हणजे नेहमीच्या ०.२ सेकंदांत बोललात तरी शिक्षकांच्या कानाला पाऊण सेकंदाहून जास्त शांतता जाणवते.

पण तुम्ही तत्क्षणी बोलत नाही. परक्या भाषेत उत्तर जुळवायचं, म्यूटचं बटण शोधायचं, यात दोन-तीन सेकंद सहज जातात. इकडे शिक्षकांचा धीर किती? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि बरी येतात. म्हणजे ऑनलाइन वर्गात तुमचं पहिलं अक्षर पोचायच्या आत शिक्षक पुढच्या नावावर गेलेले असतात. त्यांना वाटतं, याला येत नाही. तुम्हाला वाटतं, मला संधीच दिली नाही.

उपाय फुकट आहे: प्रश्न विचारून शिक्षकांनी मनात सात-आठ अंक मोजावेत. त्याहून चांगलं म्हणजे नाव आधी सांगावं, प्रश्न नंतर: ‘यानंतर तिघांना विचारणार आहे, क्रम असा.’ तिघंही माईक उघडून तयार बसतात.

दुसरा चोर आवाजाच्या दर्जात लपलेला आहे. ‘स’ या ध्वनीची बरीचशी ताकद ४,००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते. जुन्या धाटणीच्या फोनलाइनवरून सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. म्हणून फोनवर नाव सांगताना ‘एस’ की ‘एफ’ असा घोळ होतो. व्हिडिओ कॉलवर एरवी याहून रुंद पट्टी मिळते, पण ब्लूटूथ इअरफोनचा माईक चालू झाला की बरीच उपकरणं कॉलच्या हलक्या दर्जावर उतरतात आणि पट्टी आवळली जाते. इंग्रजीत नेमका हाच ‘स’ व्याकरण वाहून नेतो: ‘ही वर्क्स’ मधला, ‘टू बुक्स’ मधला. ज्याला तो ऐकूच येत नाही, त्याच्या बोलण्यात तो येणार कुठून? साधा तारेचा इअरफोन लावून तीच क्लिप ऐकून पाहा. कित्येकांच्या ‘ॲक्सेंट समजत नाही’ या तक्रारीतला काही भाग तिथेच मिटतो.

कॅमेरा, आरसा आणि धडधड

परक्या भाषेत बोलताना येणारं दडपण ही वेगळी गोष्ट म्हणून १९८६ मध्ये होर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ३३ विधानांची एक मोजपट्टीच तयार केली. ‘वर्गात नाव पुकारलं जाणार हे कळलं की मी थरथरतो’ या वळणाची ती विधानं आहेत. गणितात हुशार, आपल्या भाषेत बडबडा असलेला मुलगाही इंग्रजीच्या तासाला गप्प होतो, ते यामुळे.

व्हिडिओ कॉलने या दडपणाचं रूप बदललं. व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली: सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, हावभाव समजून घेण्याचा जादा ताण, एका जागी खिळून राहणं आणि पडद्यावर अखंड दिसणारा स्वतःचा चेहरा. शेवटचं कारण भाषेच्या तासाला विशेष जाचतं. इंग्रजी शब्द शोधत असतानाचा आपला चेहरा कुणालाच बघवत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या पाहणीत कॅमेरा बंद ठेवण्याचं सर्वाधिक दिलं गेलेलं कारण ‘मी कसा दिसतो याची काळजी’ हेच होतं. पाठीमागे घरातली माणसं दिसतात आणि इंटरनेट कमकुवत आहे, ही कारणंही यादीत होती.

सक्तीने कॅमेरा चालू करायला लावणं हा यावरचा सर्वात वाईट उपाय, असं आमचं मत. बहुतेक व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःची चौकट लपवण्याची सोय असते. ती पहिल्याच तासाला दाखवून द्यावी. कॅमेरा फक्त छोट्या खोलीत, जोडीदारापुरता चालू ठेवायला सांगावा. चाळीस जणांसमोर लाजणारा विद्यार्थी एकासमोर तितका लाजत नाही.

‘लाजाळू मुलांना ऑनलाइन बरं पडतं’: खरं, की पळवाट?

इथे त्या दुभंगलेल्या सरासरीचं एक कारण सापडतं. एका गटाला ऑनलाइन वर्ग घुसमटवतो, दुसऱ्याला तो पहिल्यांदाच मोकळा करतो. हे नवंही नाही. १९९५-९६ च्या सुमारास, व्हिडिओ कॉल घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, रिचर्ड केर्न आणि मार्क वॉर्शॉअर यांनी दाखवलं होतं, की तोंडी चर्चेत गप्प बसणारे विद्यार्थी संगणकावर लिहून होणाऱ्या चर्चेत बरेच जास्त भाग घेतात. चॅटमध्ये वाक्य पाठवण्याआधी पाहता येतं, खोडता येतं, आणि कुणी मध्ये तोडत नाही.

म्हणून चॅटवर लिहिणं ही पळवाट नव्हे, पायरी आहे. पळवाट ती तेव्हा होते जेव्हा विद्यार्थी पूर्ण सत्र तिथेच मुक्काम ठोकतो. चॅटमधून तोंडी बोलण्याकडे नेण्याचा जिना असा बांधता येतो: आधी प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत चॅटवर. मग तेच उत्तर एक मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमध्ये, न वाचता. विद्यार्थी तो पाच वेळा पुसून पुन्हा रेकॉर्ड करतात अशी कुरबूर शिक्षक करतात. करू द्या! तोच रियाज आहे. मग तेच जोडीदाराला थेट सांगायचं, आणि शेवटी चौघांच्या गटात. चौथ्या वेळेपर्यंत शब्द शोधावे लागत नाहीत, लक्ष ऐकणाऱ्याकडे जातं.

याचीच सख्खी बहीण म्हणजे ४-३-२ ही जुनी पद्धत. एकच विषय पहिल्या जोडीदाराला ४ मिनिटांत, दुसऱ्याला ३ मध्ये, तिसऱ्याला २ मध्ये सांगायचा. ऑनलाइन वर्गात खोल्या बदलून ही मजेत जमते. फसते ती एकाच कारणाने: जोडीदार तोच ठेवला तर तीच गोष्ट तीनदा ऐकून तो वैतागतो.

‘रेकॉर्डिंग पुन्हा बघता येतं’

हा फायदा विद्यार्थी हटकून सांगतात. बघता येतं, पण बघितलं जातं का? आणि बघून काय होतं? पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून काढल्याने लक्षात जास्त राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांनी ठसवलं. तेच तासाच्या रेकॉर्डिंगबाबत. दीड पट वेगाने पाठ पुन्हा बघणं म्हणजे ओळखीच्या गल्लीतून फेरफटका मारणं. सगळं ओळखीचं वाटतं, पत्ता विचारला तर सांगता येत नाही.

करायचं असेल तर असं करा. दोन मिनिटांचाच तुकडा निवडा. इंग्रजी निवेदनाचा वेग मिनिटाला दीडशे शब्द धरला तर त्यात ३०० शब्द होतात. आधी सबटायटलशिवाय ऐका आणि तोंडाने, मोडक्या इंग्रजीत का होईना, सारांश सांगा. मग इंग्रजी सबटायटल लावून जिथे अडलं ते शोधा; मातृभाषेतली लावू नका, कारण मग कान बंद होऊन नुसते डोळे काम करतात. शेवटी सबटायटल काढून पुन्हा ऐका. तुकडा अवघड आहे की नाही, हेही मोजता येतं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मते मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. ३०० शब्दांत ६ अनोळखी शब्द चालतील; पंधरा-वीस निघाले तर तो तुकडा सध्या आपला नाही. त्याच्याशी झुंजण्यात शौर्य नाही, सोपा घ्यावा.

शिक्षकांसाठी एकच सूचना: तासभराचं सलग रेकॉर्डिंग चढवू नका. खुल्या अभ्यासक्रमांतले लाखो वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ २०१४ मध्ये तपासले, तेव्हा लांबी कितीही असली तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते.

‘सर चुका सांगतच नाहीत’

यात गंमत अशी, की सर बहुतेकदा सांगत असतात. विद्यार्थी म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ शिक्षक म्हणतात, ‘ओह, यू हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स! नाइस.’ विद्यार्थी म्हणतो, ‘येस.’ शिक्षकांच्या मते चूक दुरुस्त झाली. विद्यार्थ्याच्या मते त्यांनी होकार दिला.

चुकलेलं वाक्य सुधारून परत म्हणण्याच्या या पद्धतीला रीकास्ट म्हणतात. लिस्टर आणि रॅन्टा यांनी १९९७ मध्ये कॅनडातले वर्ग तपासले, तेव्हा शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या, आणि विद्यार्थ्यांनी दखल घेण्याचं प्रमाण याच प्रकारात सर्वात कमी होतं. खोलीत निदान उंचावलेली भुवई दिसते. पडद्यावरच्या अंगठ्याएवढ्या चौकटीत तीही जाते.

ऑनलाइन वर्गात याला एक सरस पर्याय आहे, जो खोलीत सहज मिळत नाही. विद्यार्थी बोलत असताना त्याला न तोडता शिक्षकांनी चॅटमध्ये ‘सिन्स थ्री इयर्स?’ एवढंच टाकावं, प्रश्नचिन्हासकट. बोलून झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतः वाक्य सुधारून म्हणावं. चूक लेखी राहते, तासानंतर वहीत उतरवता येते. पण एका विद्यार्थ्यामागे दोन-तीनच नोंदी. दहा टाकल्या की पुढच्या आठवड्यात त्याचा माईक ‘बिघडतो’.

‘मग चॅटबॉट असताना वर्ग हवाच कशाला?’

आक्षेप रास्त आहे. आवाजी चॅटबॉट रात्री दोनलाही बोलतो, कंटाळत नाही, हसत नाही. वर्गातल्या ३७ सेकंदांपुढे हा खजिनाच. त्याचा वापर जरूर करावा, पण तो कुठे कमी पडतो तेही माहीत असावं.

तो फार सांभाळून घेतो. तुम्ही ‘वेस्ट’ म्हणालात आणि संदर्भ अंगात घालायच्या ‘व्हेस्ट’चा असेल, तर तो ओळखून पुढे जातो. मनुष्य ‘काय म्हणालास?’ असं विचारतो आणि मग आपण शब्द बदलतो, नीट उच्चारतो, उदाहरण देतो. भाषा पक्की होते ती याच खटपटीत. म्हणून चॅटबॉटला आधीच बजावावं: ‘मी काय म्हणालो ते नक्की कळलं नाही तर अंदाज करू नकोस, मला विचार. दर पाच वाक्यांनंतर एकच चूक दाखव.’ लिखाणाबाबत तर अजून कडक राहावं. निबंध त्याच्याकडून लिहून घेतला की निबंध सुधारतो, लिहिणारा नाही. ‘चुकीच्या जागा फक्त अधोरेखित कर, दुरुस्त मी करीन’ असं सांगितलं तर वेळ जास्त जातो, पण तो शिकण्यात जातो.

‘ऑनलाइन शिकून उच्चार बिघडतात’

बिघडतात म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागेल. परका हेल असणं आणि बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की ठळक परका हेल असलेलं बोलणंही ऐकणाऱ्याला पूर्ण समजू शकतं. मेहनत करायचीच तर शब्दातला आघात कुठे पडतो यावर करावी. ‘डिव्हेलप’मध्ये तो ‘व्हे’वर पडतो; सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हटली तर ऐकणारा चाचपडतो. हे पडद्यावरूनही उत्तम शिकता येतं.

पाहणी घ्यायचीच असेल तर

‘ऑनलाइन इंग्रजी आवडलं का?’ हा प्रश्न खुशाल ठेवा, पण त्याच्या शेजारी मोजता येणारे प्रश्न घाला. गेल्या तासात तुम्ही मोठ्याने इंग्रजी किती वेळ बोललात: अजिबात नाही, एक मिनिटाहून कमी, एक ते पाच, पाचाहून जास्त? किती वेगवेगळ्या व्यक्तींशी? तुमच्या कुठल्या एका चुकीची दुरुस्ती आत्ता आठवते, ती लिहा. शेवटच्या प्रश्नाचा रकाना रिकामा राहिला तर तीही माहितीच.

आणि दोन रेकॉर्डिंग घ्या. पहिल्या आठवड्यात एका साध्या विषयावर, तयारीशिवाय, दोन मिनिटं. पंधराव्या आठवड्यात तोच विषय, तेवढाच वेळ. दोन्ही लिहून काढून शब्द मोजा. मग नुसते शब्द मोजून थांबू नका, अडखळणं कुठे होतं ते पाहा. ‘आय वेंट टू द… लायब्ररी’ आणि ‘आय वेंट टू द लायब्ररी… बिकॉज’ यांत थांबणं एकेकच आहे, पण पहिल्यात शब्द सापडत नाही आणि दुसऱ्यात पुढचा विचार जुळतो आहे. थांबे वाक्याच्या पोटातून सांध्याकडे सरकले असतील, तर विद्यार्थ्याने प्रश्नावलीत ‘काही फरक नाही’ लिहिलेलं असलं तरी फरक पडला आहे. सत्र अर्ध्यावर आलं असेल आणि पहिलं रेकॉर्डिंग राहून गेलं असेल, तर आजच घ्यावं आणि फाइलच्या नावात तारीख घालावी, म्हणजे शेवटी कुठलं आधीचं ते शोधत बसावं लागत नाही.